पहिला कागद पोलिसांचा

सकाळी ६.५०

ओक पार्कच्या फलाटावर ग्रीन लाइनची वाट बघत उभी आहे. शिकागोचा जानेवारी म्हणजे काय चीज आहे, हे घरच्यांना समजावणं मी कधीच सोडून दिलंय. फलाटाच्या छताला हीटर आहेत, बटण दाबलं की लाल होतात. त्यांच्याखाली आम्ही सगळे दाटीवाटीने, एकमेकांशी एक अक्षरही न बोलता उभे. गाडी लेक स्ट्रीटच्या वरून, खांबांवर चढवलेल्या रुळांवरून शहराकडे निघते. थोड्याच वेळात वेस्ट साइड लागते. ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर इथे जाळपोळ झाली, आणि इतकी वर्षं उलटली तरी या भागातले रिकामे प्लॉट काही संपत नाहीत.

कॅलिफोर्निया स्टेशन गेलं की उजव्या हाताला, इमारतींच्या मागे मन्रो स्ट्रीट आहे. तिथे २३३७ नंबरच्या घरात ४ डिसेंबर १९६९ रोजी उजाडायच्या आत सरकारी वकिलाच्या कार्यालयाचे १४ पोलीस घुसले. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा इलिनॉयमधला नेता फ्रेड हॅम्प्टन अंथरुणातच मारला गेला. वय २१. त्याचा साथीदार मार्क क्लार्क हाही तिथेच मेला. सरकारी वकील हॅनरहान यांनी सांगितलं की पँथरवाल्यांनी तुफान गोळीबार केला. शिकागो ट्रिब्यूनने पुराव्यादाखल दारावरच्या गोळ्यांच्या भोकांचे फोटो छापले. ती भोकं नव्हती, खिळ्यांची डोकी होती. हे उघडकीला आलं, कारण पोलिसांनी घर सील केलं नव्हतं आणि पँथरवाल्यांनी ते सगळ्यांना बघायला खुलं केलं. लोक थंडीत रांगा लावून आत जाऊन भिंती बघून आले. पुढे फेडरल ग्रँड ज्युरीच्या अहवालात हिशेब निघाला: पोलिसांच्या ८२ ते ९९ गोळ्या, पँथरच्या बाजूने एक. हॅनरहान यांच्यावर तपासात अडथळा आणल्याचा खटला झाला, ते सुटले. नुकसानभरपाईचे १८.५ लाख डॉलर मिळायला १९८२ उजाडलं.

माझे मामा त्या काळात औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकत होते. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या मंडळींनी दलित पँथर उभी केली, तिचं नाव या ब्लॅक पँथरवरूनच घेतलेलं. त्यामुळे मला ही नोकरी लागली तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी पगार विचारला आणि मामांनी मन्रो स्ट्रीट कुठे आहे ते विचारलं.

सकाळी ८.१५

आमचं नागरी हक्कांचे खटले लढणारं लहानसं वकील-कार्यालय आहे. मी पॅरालीगल. आपल्याकडच्या हिशेबाने वकिलाचा कारकून, फक्त खुर्ची बरी. कोर्टात वकील बोलतात, त्यांच्या हातातले कागद मी लावलेले असतात.

सध्याची केस कुक काउंटीतल्या एका उपनगराच्या पोलिसांविरुद्ध आहे. दावा चालू असल्यामुळे गावाचं किंवा माणसांचं नाव सांगत नाही. २३ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून रात्री अडवला. अहवालात लिहिलंय की ‘इसम पळून जाण्याच्या प्रयत्नात बर्फावर घसरून पडला’. खांद्याजवळचं हाड मोडलं. वर त्याच्यावरच अटकेला विरोध केल्याचा गुन्हा लावला आणि काही महिन्यांनी गुपचूप मागे घेतला.

माझ्यापुढे दोन पडदे आहेत. डावीकडे पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत, उजवीकडे तक्ता: वेळ, कुठल्या कॅमेऱ्यातून, काय दिसतं, काय ऐकू येतं, अहवाल काय म्हणतो. ऐकायला सोपं वाटतं. पण चित्रफितीच्या कोपऱ्यातल्या वेळेपुढे ‘झेड’ हे अक्षर आहे, म्हणजे ती ग्रिनिचची वेळ. हिवाळ्यात आम्ही तिच्या सहा तास मागे. त्यामुळे अहवालातले रात्रीचे १०.४१ चित्रफितीत दुसऱ्या तारखेच्या पहाटेचे ४.४१ होतात. कंट्रोल रूमच्या नोंदीचं घड्याळ आणखी तिसरंच. मग सगळीकडे ऐकू येणारा एखादा आवाज शोधायचा आणि त्यावर बाकीच्या वेळा बसवायच्या. इथे गाडीचं दार धाडकन लागल्याचा आवाज उपयोगी पडला.

कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या आधीची थोडी चित्रफीत आपोआप साठते, पण ती मुकी असते. या मुक्या भागात चार सेकंद मुलाचे दोन्ही तळवे गाडीच्या टपावर दिसतात. बोटं पसरलेली, टपावर बर्फाचा पातळ थर, एका मनगटावर हॉस्पिटलात बांधतात तसला कागदी पट्टा. (तो कुठल्या तरी कार्यक्रमाच्या प्रवेशाचा होता, नंतर कळलं.) मग पोलिसाचा कोट पडदाभर पसरतो आणि आवाज सुरू होतो: ‘रेझिस्ट करू नकोस.’ बारा सेकंदांत पाच वेळा. माझं मत विचाराल तर हे वाक्य मुलाला उद्देशून नसतंच, ते कॅमेऱ्याला ऐकवायचं असतं. पण तक्त्यात मताचा रकाना नाही. मी ‘पाच वेळा’ एवढंच लिहिते.

सकाळी १०.००

हा सगळा उपद्व्याप करायचा, कारण पहिला कागद नेहमी पोलिसांचा असतो. बातमीदार तोच उचलतात, सरकारी वकील तोच वाचतात, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी भांडत आत शिरावं लागतं. २५ मे २०२० च्या रात्री मिनियापोलिस पोलिसांनी जे निवेदन काढलं, त्याच्या शीर्षकाचा अर्थ एवढाच होता की पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय त्रासाने एक माणूस मरण पावला. त्यात गुडघा नव्हता, मान नव्हती. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवरचा नऊ मिनिटांहून जास्त वेळचा गुडघा जगाने पाहिला, तो रस्त्यावर उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या फोनमुळे. त्या मुलीच्या हाताला कंप सुटला असता, तर ते निवेदन आजही खरं मानलं गेलं असतं.

आमच्या शहरातलं उदाहरण लक्वान मॅकडोनाल्डचं. २० ऑक्टोबर २०१४, पुलास्की रोड. हातात छोटा चाकू असलेला १७ वर्षांचा मुलगा. पोलिसांच्या निवेदनानुसार त्याने चाकू टाकला नाही आणि तो पोलिसांच्या अंगावर चालून येत राहिला. जेमी कॅल्व्हन या पत्रकाराने शवविच्छेदनाचा अहवाल मिळवला, तेव्हा शरीरावर १६ गोळ्यांच्या जखमा असल्याचं बाहेर आलं. २०१५ च्या एप्रिलमध्ये नगर परिषदेने कुटुंबाला ५० लाख डॉलर मंजूर केले. दावासुद्धा दाखल झाला नव्हता. पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्याची चित्रफीत मात्र दाबून ठेवली. ब्रँडन स्मिथ या मुक्त पत्रकाराने माहिती कायद्याखाली ती मागितली, नकार आला, तो कोर्टात गेला, आणि न्यायाधीशांच्या आदेशाने ती २४ नोव्हेंबर २०१५ ला बाहेर आली. घटनेला तेव्हा ४०० दिवस झाले होते. चित्रफितीत मुलगा पोलिसांपासून बाजूला निघून चाललेला दिसतो. तो खाली पडतो, गोळ्या चालूच राहतात. गोळ्या झाडणारा पोलीस जेसन व्हॅन डाइक याच्यावर खुनाचा आरोपही त्याच दिवशी ठेवला गेला, तोवर सवड झाली नव्हती.

लोक म्हणतात, कॅमेऱ्याने न्याय मिळवून दिला. कॅमेरा पहिल्या रात्रीपासून होता हो. चित्रफीत पोलिसांकडे होती, महापालिकेकडे होती, सरकारी वकिलांकडे होती. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅन डाइक दोषी ठरला: दुसऱ्या दर्जाचा खून, आणि वर प्रत्येक गोळीमागे एक याप्रमाणे सशस्त्र मारहाणीचे १६ गुन्हे. शिक्षा पावणेसात वर्षं. तीन वर्षांहून थोडं जास्त राहून २०२२ च्या फेब्रुवारीत तो सुटला. खोटे अहवाल लिहून त्याला पाठीशी घातल्याचा आरोप असलेले तिघे पोलीस कोर्टातून निर्दोष सुटले. गोळी झाडणाऱ्याला एकदा तरी हात लागला. कागद लिहिणाऱ्यांना कोर्टात लागला नाही, आणि मला तरी तो भाग जास्त धोक्याचा वाटतो.

सकाळी ११.२०

मुलाच्या आईचा फोन. मी त्यांना ‘मॅम’ म्हणते, त्या मला ‘हनी’. आधी माझ्या सर्दीची चौकशी होते, मग त्यांचा नेहमीचा प्रश्न. पैशांचा नसतो.

“तो घसरला, असं जे लिहून ठेवलंय, ते खोडणार का?”

मी तडजोडीच्या मसुद्यातलं नेहमीचं कलम समजावते: पैसे देणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. अहवाल आहे तसाच फाइलीत राहतो. शिवाय नुकसानभरपाई पोलिसाच्या खिशातून जात नाही, त्याचं गाव भरतं. दंडात्मक रक्कम तेवढी त्याने स्वतः भरायची असते आणि ती क्वचितच लागते.

“गाव म्हणजे मीसुद्धा ना? घरपट्टी भरते मी तिथे.”

“हो, मॅम.”

“म्हणजे माझ्याच पैशांतलं मला.”

यावर देण्यासारखं उत्तर कुठल्याच वकिलाकडे नाही, माझ्याकडे कुठून असणार.

दुपारी १२.४५

डबा. मेथीचा वास मायक्रोवेव्हमधून मजलाभर जातो आणि आता कुणी त्यावर काही बोलतही नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंची मुलगी शिकागोच्या सरकारी शाळेत आठवीत आहे, तिच्या गृहपाठावर बोलणं चाललंय. विषय जॉन बर्ज. इथल्या आठवीत आणि दहावीत तो शिकवावा लागतो, कारण २०१५ साली महापालिकेने तसा ठरावच केला.

बर्ज हा पोलीस अधिकारी. १९७२ ते १९९१ या काळात त्याने आणि त्याच्या हाताखालच्यांनी साउथ साइडच्या ठाण्यात शंभराहून जास्त कृष्णवर्णीय पुरुषांचा छळ केला. विजेचे झटके, टाइपरायटरचं प्लॅस्टिकचं कव्हर तोंडावर आवळणं. कबुलीजबाब मिळत गेले आणि त्यावर माणसं जन्मठेपेला आणि फाशीच्या यादीत गेली. आमच्याकडचे एक निवृत्त वकील दुपारी गप्पा मारायला येतात, ते या प्रकरणातलं एकच पत्र पुनःपुन्हा सांगतात. फेब्रुवारी १९८२. अँड्र्यू विल्सन हा दोन पोलिसांच्या खुनाचा आरोपी. तुरुंगातले डॉक्टर जॉन राबा यांनी त्याला तपासलं. चेहऱ्यावर मार, अंगावर रेडिएटरचे चटके. राबांनी सरळ पोलीस प्रमुखांना पत्र लिहून चौकशी मागितली. प्रमुखांनी ते सरकारी वकील रिचर्ड डेली यांच्याकडे पाठवलं. तिथे ते थांबलं. बर्जवर खटला भरला गेला नाही, त्याला बढती मिळाली. डेली पुढे २२ वर्षं शहराचे महापौर होते.

विल्सनबद्दल कुणालाही कळवळा नव्हता, असायचं कारणही नव्हतं. म्हणूनच ते पत्र मोठं. निरपराध माणसासाठी सगळेच लिहितात. डॉक्टरने रोग्याचा इतिहास विचारला नाही, जखमा मोजल्या. त्या पत्रावर तेव्हा चौकशी झाली असती, तर पुढची नऊ वर्षं टळली असती.

२०१५ च्या ठरावात ५५ लाख डॉलरचा निधी, जाहीर माफी, पीडितांसाठी समुपदेशन केंद्र, स्मारक आणि हा शाळेतला धडा होता. पोलिसी छळासाठी अशी भरपाई देणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. ते महापौरांच्या चांगुलपणातून आलेलं नाही. छळ सोसलेले लोक, त्यांच्या आया, वकील आणि रस्त्यावरची तरुण पोरं वर्षानुवर्षं मागे लागली होती. आठवीतल्या मुलीला प्रश्न आला आहे: ‘माफी पुरेशी आहे का? पाच ओळींत लिहा.’ आई विचारतेय, पाच ओळींत कसं लिहायचं?

दुपारी २.००

डिपॉझिशन. कोर्टाबाहेर, वकिलांच्या बैठकीच्या खोलीत, शपथेवर होणारी साक्ष. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात स्टेनोमशीन घेऊन बसलेली रिपोर्टर. समोर तो पोलीस, साध्या कपड्यांत. तिशीतला असेल. वाईट माणूस दिसावा असं काहीही त्याच्या चेहऱ्यावर नाही, आणि अशा वेळी मला दरवेळी थोडं चमत्कारिक वाटतं.

तो आज इथे बसलाय, त्याला कारण १८७१ चा कायदा. यादवी युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनला आवर घालायला केलेला. नंतर तो धूळ खात पडला होता. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या १३ पोलिसांनी पहाटे जेम्स मन्रो यांचं दार फोडलं, नवरा-बायकोला बैठकीच्या खोलीत विवस्त्र उभं केलं, घर उलथंपालथं केलं. मन्रो कोर्टात गेले आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कायद्याखाली पोलिसावर दावा लावता येतो. देशभर असे दावे आज ज्या वाटेने जातात, ती वाट एका शिकागोच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने पाडली. सुप्रीम कोर्टाने नंतर ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाचा अडसर त्याच वाटेवर टाकला. जवळपास असाच प्रकार पूर्वी बेकायदा ठरलेला नसेल, तर पोलीस सुटू शकतो. म्हणजे अन्याय जितका नवीन तऱ्हेचा, तितका तो करणारा सुरक्षित.

माझं काम पुराव्याचे कागद क्रमाने पुढे करायचं. पहिला तास ‘आठवत नाही’ मध्ये जातो. आमच्या वकीलबाई आवाज चढवत नाहीत. कंटाळवाणे, लहान लहान प्रश्न. मग त्या हात पुढे करतात आणि मी अहवाल देते, त्यामागून तळव्यांचं चित्र.

“हे हात कुणाचे?”

“सांगता येणार नाही.”

“हा टप कुठल्या गाडीचा?”

“त्या इसमाच्या.”

“तुमचे हात आहेत का?”

“नाही.”

“तुमच्या जोडीदाराचे?”

त्याचा वकील हरकत घेतो. हरकत नोंदली जाते, उत्तर तरीही द्यावं लागतं.

“नाही.”

“तिथे चौथं कुणी होतं?”

“नाही.”

रिपोर्टरची बोटं चालत राहतात. वकीलबाई चित्र बाजूला ठेवून पुढचा कागद मागतात. चेहऱ्यावर काही नाही. आमच्या धंद्यात आनंद दाखवायची पद्धत नाही.

दुपारी ४.३०

पत्रं. पहिलं, दुसऱ्या एका प्रकरणात पुरावा जपून ठेवण्याची नोटीस. इलिनॉयच्या कायद्याने अंगावरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत ९० दिवस ठेवावी लागते. तक्रार झाली किंवा बळ वापरलं गेलं, तर अधिक. दुकानांच्या कॅमेऱ्यांना तर कुठलाच कायदा नाही, त्यांच्यावर आठवडा-दोन आठवड्यांत नवं चित्रण चढू शकतं. त्यामुळे मारहाण झालेला माणूस दवाखान्यात असतानाच कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलं पाहिजे.

दुसरं, माहितीचा अर्ज. इथे पाच कामाच्या दिवसांत उत्तर, फार तर आणखी पाच. आपल्याकडे माहिती अधिकारात ३० दिवस म्हटल्यावर इथल्या लोकांच्या भुवया वर जातात. पण नकार देण्याची भाषा दोन्हीकडची सारखीच, ‘तपास चालू असल्याने’. पोलिसांवरच्या जुन्या तक्रारी मागवता येतात, तेही कॅल्व्हन यांच्यामुळे. २०१४ च्या मार्चमध्ये त्यांच्या खटल्यात अपील कोर्टाने त्या फायली जनतेच्या आहेत असा निकाल दिला. तिसरं पत्र दवाखान्याला, बिलासाठी.

संध्याकाळी ७.००

त्या उपनगराच्या पंचायतीची सभा. वकिलाने सांगितलंय, बोलू नकोस, फक्त ऐकून ये. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. भाषणाच्या टेबलावर तीन दिव्यांचा डबा: हिरवा, पिवळा, लाल. सुरुवातीला कुणीतरी बर्फ उचलणाऱ्या ठेकेदारावर बोललं, कुणी पार्किंगवर.

मग मुलाच्या आई उठतात. कागद नाही. हिरव्या दिव्यात त्यांनी नाव सांगितलं, आपण इथे किती वर्षं राहतो ते सांगितलं. चालू दाव्यावर बोलू नका असं त्यांना बजावलेलं आहे, म्हणून मुलाचं नावही घेतलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, गेल्या पाच वर्षांत या गावाने पोलिसांच्या प्रकरणांत किती पैसे दिले, कुठल्या खात्यातून, आणि त्यातल्या किती पोलिसांना त्यानंतर बढती मिळाली? पिवळा लागला तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “उत्तर द्या.” अध्यक्षांनी सांगितलं की या वेळेत उत्तरं देण्याची प्रथा नाही, प्रश्न इतिवृत्तात घेतला जाईल.

“माझ्या शब्दांत घ्या,” आई म्हणाल्या आणि लाल लागायच्या आत बसल्या.

मी पाहत होते, कारकून लिहीत होती. तेवढं बघायलाच गेले होते.

रात्री ९.१५

मामांकडे सकाळचे पावणेनऊ. चहा झालेला, पेपर वाचून झालेला. ते कोषागार कार्यालयातून निवृत्त झाले, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्याकडे शेवटी बिल पास करण्यापर्यंत येते.

“जय भीम, मामा.”

“जय भीम. काय गं, त्या छळ करणाऱ्या बर्जचं शेवटी झालं काय? मागे अर्धवट सांगितलंस.”

मी सांगते. १९९३ मध्ये नोकरीतून काढला. छळाच्या गुन्ह्यांची मुदत उलटून गेली होती, म्हणून छळाचा खटला कधी झालाच नाही. नंतर एका दिवाणी दाव्यात ‘मी असलं काही केलं नाही’ असं शपथेवर लिहून दिलं, त्या खोटेपणासाठी २०१० साली तो दोषी ठरला. साडेचार वर्षं. २०१८ मध्ये वारला.

“आणि पेन्शन?”

“चालू होती. शेवटपर्यंत.”

“गुन्हा सिद्ध झाल्यावर?”

“मंडळात आठ जण, चार-चार मतं पडली. सगळे पोलीस एका बाजूला. म्हणणं असं की खोटं बोलला तेव्हा तो नोकरीत नव्हता, म्हणून गुन्ह्याचा नोकरीशी संबंध नाही.”

“थांब. मारहाण ड्यूटीवर, त्याची शिक्षा नाही. खोटं बोलला नोकरी गेल्यावर, शिक्षा त्याची. म्हणून पेन्शन शाबूत.”

“बरोबर.”

“कुणी वर गेलं नाही?”

“राज्याच्या ॲटर्नी जनरल गेल्या. २०१४ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मंडळाच्या निर्णयात त्यांना असा हात घालता येत नाही.”

“आमच्या टेबलावर हा कागद आला असता ना,” मामा म्हणाले, “तर मी ऑब्जेक्शन काढून परत पाठवला असता. खोटं कशाबद्दल बोलला, ते आधी लिहून आणा म्हटलं असतं.”